बरणीतली हवा

मावशींना मी पहिल्यांदा पाहिलं ते मुंबईहून पनवेलला येणाऱ्या एस.टी.त, कंडक्टरशी भांडताना. त्यांच्या पायाशी मासळीची पाटी होती. पाटीत मासळी नव्हती, गोणपाटात गुंडाळलेल्या दोन पिवळ्या लोखंडी टाक्या होत्या, दुधाच्या किटलीपेक्षा जराशा उंच. कंडक्टरचं म्हणणं, गाडीत गॅसचं सिलेंडर चालत नाही.

"गॅस नाय, हवा हाय," मावशी म्हणाल्या.

"हवा कोण टाकीत भरतं?"

"ज्याला लागते तो भरतो."

"उतरा खाली."

"उतरते. पन आदी कागदावर लिवून दे, का गाडीत हवा न्यायला बंदी हाय. आनि मंग सगल्यांच्या छातीतली काड."

गाडी हसली. कंडक्टरने चिडून सामानाचं तिकीट फाडलं आणि मावशींनी ते कनवटीला असं जपून लावलं, जणू बक्षीस मिळालंय. पनवेलला उतरल्यावर मी पत्र्याची ट्रंक उचलून पत्ता शोधत खाडीकाठच्या वस्तीत गेलो, सांगितलेल्या घराचं दार वाजवलं, तर दार त्यांनीच उघडलं. मी त्यांचा भाडेकरू होणार होतो.

ही गोष्ट एकोणनव्वद-नव्वदच्या सुमाराची. मी मिरजेकडचा, वय चोवीस, पोहता न येणारा. तिथल्या मच्छीमार सोसायटीत मला कारकुनाची नोकरी लागली होती. सभेचं इतिवृत्त लिहिणं, डिझेलचे परवाने भरणं, पत्रव्यवहार, असली कामं. मावशी तेव्हा साठीला टेकलेल्या. त्यांनी मला नावाने कधीच हाक मारली नाही. "लिवनाऱ्या" म्हणायच्या. मीही त्यांना शेवटपर्यंत मावशीच म्हटलं, म्हणून इथेही तेच नाव राहू दे.

त्या काय काम करतात हे मला चौथ्या दिवशी कळलं. खाडी भरतीला आली होती. मावशींनी नऊवारीवर नवऱ्याची जुनी लोकरी जर्सी चढवली, जाळ्याची शिशं शिवलेला पट्टा कमरेला बांधला, एक पिवळी टाकी पाठीला अडकवली, काचेचा मुखवटा डोळ्यांवर ओढला, टाकीच्या नळीचं रबरी तोंड दातांत धरलं आणि धक्क्याच्या पायरीवरून, देवळात शिरावं तशा सावकाश, पाण्यात शिरल्या. डोकं दिसेनासं झालं. गढूळ पाण्यावर बुडबुड्यांचा एक झुबका उठला, थांबला, पुन्हा उठला. मी पायरीवर उभा होतो आणि माझाच श्वास अडकला होता. वीसेक मिनिटांनी त्या वर आल्या. हातात नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं होतं, बोटीच्या पंख्यात गुंतलेलं. कोयतीने कापून काढलं होतं.

"दिसतं काय खाली?" मी विचारलं.

"कायच नाय. खाडीच्या पान्यात डोलं घरी ठेवून जायचं. हातानं बघायचं."

एरवी बोटीचं पोट घासायचं, पंख्यातली दोरी काढायची, फळीची गळती बुजवायची, म्हणजे बोट भरतीला किनाऱ्यावर घ्यायची, ओहोटीत ती कोरडी पडण्याची वाट बघायची, नाहीतर विंचने यार्डात ओढून घ्यायची. धंद्याचे दोन-तीन दिवस जायचे. मावशी तेच काम बोट पाण्यात असताना, एका भरतीत करून द्यायच्या. हे त्यांना नवऱ्याने शिकवलं होतं. तो मुंबईच्या गोदीत पाणबुड्या होता. सुटीला घरी आला की इथल्या बोटी करायचा, आणि वर दोरी धरायला बायकोला बसवायचा. मग म्हणाला, खाली काय असतं ते ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातात मी माझी दोरी देणार नाही. म्हणून तिला खाली नेलं. तो काविळीने गेला. टाक्या राहिल्या.

बाईने बोटीच्या पोटाला हात लावायचा नाही, असं वस्तीतल्या काही म्हाताऱ्यांचं मत होतं. ते सांगायला दोघेतिघे आले तेव्हा मी घरात होतो. मावशींचा डावा कान पाण्याच्या दाबाने गेलेला होता. त्यांनी सगळं बोलणं त्या कानाने ऐकून घेतलं. म्हणजे पाट फिरवून बसल्या आणि डावी बाजू त्यांच्याकडे केली. ते दमले तेव्हा म्हणाल्या, "माजं म्हायेर चिरनेरचं. बापानं जंगल सत्याग्रहात गोऱ्या सायबाचं आयकलं नाय. मी तुमचं आयकलं तर त्याला काय सांगू?"

घरात त्यांचे कायदे कडक. टाक्या भरून आणल्या की त्या दिवशी चूल परसात. उदबत्तीसुद्धा नाही. मी एकदा डासांची कॉइल लावली, तर त्यांनी ती माझ्या देखत नालीत टाकली. मी म्हटलं, मावशी, टाकी बंद आहे, धूर आत कसा जाईल? म्हणाल्या, "तो जात नाय. पन तुला सवय लागते. धुराशेजारी हवा ठेवायची सवय वायट." टाकीला त्या बरणी म्हणायच्या. लोणच्याच्या बरणीसारखीच ती फडक्याने पुसून, तोंड बांधून, सावलीत ठेवायच्या. भरायला मुंबईला स्वतः जायच्या, दुसऱ्याच्या हाती कधी दिली नाही. भरून झाली की तिथेच नळीतून एक दम घ्यायच्या, तोंडात घोळवायच्या आणि मगच मान हलवायच्या. तिथला माणूस वैतागायचा. "आजी, हवेला काय चव असते?" मावशी म्हणायच्या, "नसते. नाय ना, तेच बघते."

आता मला त्या प्रकरणाकडे यायला हवं, ज्यात माझं वागणं फारसं चांगलं नव्हतं.

विंचचं यार्ड सोसायटीच्या चेअरमनांचं होतं. गावच्या नात्याने ते मावशींचे दीर लागायचे. मावशींमुळे यार्डात येणाऱ्या बोटी कमी झाल्या होत्या. त्यांनी आधी गोडीने सांगून पाहिलं, मग सोसायटीत ठराव आणायची भाषा केली. शेवटी ठरवलं की आपणही हेच काम करायचं. पण बरण्या विकत घेऊन मुंबईला खेपा कोण घालणार? टायरमध्ये हवा भरायचा एक जुना कॉम्प्रेसर त्यांनी आणला, रॉकेलवर चालणारा. त्याला लांब नळी जोडली, नळीच्या टोकाला मुखवटा. वर मशीन भुर्रभुर्र चालू, खाली माणूस. हवा संपायचा प्रश्नच नाही. आणि माणूस म्हणून लहानूला उभं केलं.

लहानू कातकरी. पलीकडच्या डोंगराच्या पायथ्याची वाडी त्याची. वीटभट्टी बंद असली की खाडीत चिंबोऱ्या म्हणजे खेकडे धरायचा आणि यार्डात पडेल ते काम करायचा. पाण्यात दम धरण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. म्हणून त्याला निवडलं, आणि तो नाही म्हणू शकत नाही म्हणूनही.

मावशींनी मशीन बघितलं. भोवती एक फेरी मारली. मशीनचं धुराडं आणि हवा ओढणारं तोंड एकमेकांपासून हातभर अंतरावर होतं.

"भावजी, ह्याचा धूर ह्योच गिलतोय."

"वयनी, वारा हाय की खाडीवर. धूर उडून जातो."

"वारा काय तुमच्या पगारावर हाय?"

चेअरमन हसले. आठ दिवस काही झालं नाही. आठ दिवस वारा खाडीवरून डोंगराकडे वाहत होता.

नवव्या दिवशी दुपारी वारा पडला. मी डिझेलच्या पावत्या घेऊन धक्क्यावर गेलो होतो. मावशी एका बोटीखालून नुकत्याच वर आल्या होत्या, पाठीवर बरणी तशीच, अंगातून पाणी गळत होतं. दोन बोटी सोडून लहानू खाली होता. मशीन चालू होतं, मशीनवरचा माणूस बाजूला बिडी ओढत बसला होता. मावशी एकाएकी थांबल्या. लहानूच्या बुडबुड्यांकडे बघत राहिल्या. झुबका उठला. बराच वेळ काही नाही. मग एक बारीकसा. मग काही नाही.

"त्याला वर काड," त्या ओरडल्या.

"काम चालू हाय त्याचं," बिडीवाला म्हणाला.

मावशींनी मुखवटा ओढला आणि उडी टाकली. बरणीचा काटा तेव्हा जवळजवळ तळाला होता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. खाली दिसत तर काहीच नव्हतं. मशीनची नळी हातात धरून तिच्या आधाराने त्या लहानूपर्यंत पोचल्या. तो पंख्याला मिठी मारून बसला होता. हालत नव्हता. मूठ सोडवेना, तेव्हा त्यांनी तोंडातलं रबर काढून त्याच्या बोटांना चावा घेतला. वर आल्या तेव्हा एका हाताने त्याचे केस धरले होते.

आम्ही तिघांनी त्याला पायरीवर ओढलं. त्याचे ओठ भलतेच लाल दिसत होते, ते मला अजून आठवतं. मावशींनी त्याला कुशीवर केलं, तोंडात बोट घातलं, पाठीत दणके दिले. त्याने ओकारी काढली आणि कण्हला. मासळीच्या टेम्पोत घालून त्याला दवाखान्यात नेलं. त्याची बायको सोमी वाडीवरून धावत आली, ती टेम्पोच्या मागेच पळत सुटली. डॉक्टर म्हणाले, पाणी नाही, धूर गेलाय रक्तात. वाचेल.

दुसऱ्या दिवशी चेअरमननी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. "सदर मजूर दारूच्या नशेत, कोणाचीही परवानगी न घेता पाण्यात उतरला. यंत्र सुस्थितीत होते." दोनच वाक्यं. सभेपुढे वाचून मंजूर करायची आणि विषय संपवायचा. माझी नोकरी कायम व्हायची होती. मी वळणदार अक्षरात लिहिलं.

संध्याकाळी मावशींनी विचारलं, "काय लिवलंस?"

खोटं बोलायची माझी छाती नव्हती. वही सोबतच होती, वाचून दाखवली. त्यांनी वही हातात घेतली. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पानाकडे बघत राहिल्या.

"अक्षर चांगलं हाय तुजं," त्या म्हणाल्या. "उगाच खोट्याला दिलंस."

मी वही परत घेऊन मिटली.

"सभेत तूच वाचशील?"

"वाचावं लागेल."

"मंग मोट्यानं वाच. माजा एक कान गेलाय."

जेवायला त्यांनी रोजच्यासारखंच वाढलं. ते मला जास्त लागलं.

सभा बर्फाच्या कारखान्याशेजारच्या शेडमध्ये होती. सत्तर-ऐंशी पुरुष मांडी घालून बसलेले. मावशींच्या नवऱ्याचा शेअर त्यांच्या नावावर झाला होता, म्हणून त्या सभासद होत्या, पण सभेला कधी आल्या नव्हत्या. त्या दिवशी आल्या. मागे लहानूची सोमी, आणि तिच्यामागे मासळीची हातगाडी. गाडीवर तो कॉम्प्रेसर, त्या दिवसापासून धक्क्यावरच पडून असलेला.

"वयनी, ह्ये काय?" चेअरमन उठले.

"सभा चालू द्या, भावजी. लिवनाऱ्या, वाच."

मी वाचलं. मोठ्याने वाचलं. "यंत्र सुस्थितीत होते" इथपर्यंत सगळं.

मावशींनी दोरी ओढून मशीन चालू केलं. शेडमध्ये भुर्रभुर्र घुमायला लागलं. मुखवटा काढलेल्या नळीचं टोक हातात घेऊन त्या खुर्चीपर्यंत चालत गेल्या आणि चेअरमनपुढे धरलं.

"घ्या. एक दम घ्या."

"मी कशाला घेऊ?"

"मशीन चांगलं हाय ना? आताच वाचलं त्यानं. एकच दम. लहानूनं आठ दिस घेतला."

"वयनी, हा काय तमाशा? बंद करा ते."

"तुमी घ्या, मी बंद करते."

चेअरमननी मान फिरवली. मावशी सोसायटीच्या पंचांकडे वळल्या. एकेकापुढे नळी धरली. एकेकाने मान खाली घातली. पुढच्या रांगेत एक म्हातारा तांडेल होता, सगळी हयात बोटीच्या सुकाणूवर घालवलेला. त्याने नळी नाकाशी नेली आणि झटक्याने बाजूला केली. "मेल्या रॉकेलचा वास हाय ह्याला," तो म्हणाला, आणि उठून चेअरमनकडे पाठ करून बसला.

मग मावशी माझ्यासमोर आल्या.

"तू लिवलंस ना? घे."

मी नळी तोंडात धरली आणि दम घेतला. घशात तेलकट, उकळता धूर गेला. खोकला आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं. मी वही उघडली आणि ती दोन वाक्यं आडवी रेघ मारून खोडली. रेघ वाकडी गेली.

"आता काय लिहू?" मी विचारलं. चेअरमनना नाही, मावशींना.

"जे घेतलंस ते लिव."

मी लिहिलं, 'सभेत यंत्र चालवून पाहिले. हवेला धुराचा वास होता. अध्यक्षांना ती घेण्याची विनंती केली असता त्यांनी घेतली नाही.' उभा राहून वाचलं. म्हातारा तांडेल म्हणाला, "मंजूर." मग मागून कोणी, मग आणखी कोणी. सगळ्यांनी म्हटलं नाही, पण पुरेशांनी म्हटलं. लहानूचा दवाखाना आणि घरी बसलेल्या दिवसांची मजुरी यार्डाने द्यायची, असंही त्याच पानावर आलं.

मला वाटलं होतं, आता मावशींचा जयजयकार होईल. तसं काही झालं नाही. चेअरमन चेअरमनच राहिले, सगळ्यांचे डिझेलचे परवाने त्यांच्याच हातात. माझी नोकरी कायम झाली नाही, दोन महिन्यांनी गेलीच. मी गावात एका वकिलाकडे टायपिंगला लागलो. आणि मावशींकडे बोटी येणं बंद झालं. कोणी वाईट बोललं नाही, फक्त काम सांगेना. मावशी रोज भरतीला धक्क्यावर जाऊन बसायच्या, बरणी शेजारी ठेवून, सगळ्यांना दिसेल अशी. मी एकदा म्हटलं, काम नाही तर कशाला जाता? म्हणाल्या, "काम नाय म्हनून जाते. घरी बसले तर त्यांना वाटेल, आमी बसवली."

लहानू बरा झाला, पण पाण्याला भ्यायला लागला. चिंबोऱ्या धरायलाही जाईना. मुखवटा दिसला की त्याला ओकारी यायची. मावशी त्याच्या वाडीवर गेल्या. मी वकिलाकडून अर्धा दिवस सुटी काढून सोबत गेलो, बरणी उचलायला. सोमी म्हणाली, "बाय, आता नको त्याला पान्यात घालू."

"मी घालत नाय," मावशी म्हणाल्या. "पन भीती त्याची सोताची असती, तर मी बोलले नसते. ही दुसऱ्यानं दिलीय. दुसऱ्यानं दिलेली भीती घरात कशाला ठेवायची?"

सोमी नवऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी पन येते."

खाडीच्या गढूळ पाण्यात त्याला पुन्हा उतरवणं मावशींना बरोबर वाटेना. म्हणून त्यांनी गावातलं तळं निवडलं. भर सकाळी, बायका धुणं धूत असताना, आमची वरात तळ्याच्या पायऱ्यांवर. पहिल्या दिवशी लहानू गुडघ्याएवढ्या पाण्यात बसला आणि नळीतून नुसता श्वास घेत राहिला. मावशी शेजारी. दुसऱ्या दिवशी गळ्याएवढ्या. मावशी एकच गोष्ट घोकून घेत होत्या, "दम कोंडून वर यायचं नाय. आतली हवा फुगते, फुटशील. वर येताना गुनगुनत यायचं." काय गुणगुणायचं ते त्याच्यावर सोडलं होतं. तो कुठलं तरी लग्नातलं गाणं नाकात म्हणायचा आणि धुणाऱ्या बायका हसून लोळायच्या.

चौथ्या दिवशी तो पूर्ण खाली गेला. तेवढ्यात नगरपालिकेचा शिपाई शिट्टी फुंकत आला.

"तळ्यात पोहायला बंदी आहे! कोण आहे खाली?"

"पोहत नाय," मावशी म्हणाल्या. "बसलाय."

"बसलाय?"

"खाली जाऊन बघ पायजे तर. पोहत असला तर पकड."

शिपाई पाण्याकडे बघत राहिला. बुडबुडे उठत होते, एकसारखे, घड्याळासारखे. त्याने मग शिट्टी खिशात घातली आणि पायरीवर बसला. सोमी ओठ हलवत होती. मला वाटलं देवाचं नाव घेतेय, पण ती बुडबुडे मोजत होती. बरीच मिनिटं गेली. आधी गुणगुण ऐकू आली, मग डोकं वर आलं. लहानूने तोंडातलं रबर काढलं, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि पहिल्यांदा हसला. सोमीने त्याला मारलं, खांद्यावर, दोन-तीनदा, आणि मग पदर तोंडाला लावला.

पावसाळा संपून बोटी पुन्हा पाण्यात आल्या तेव्हा म्हाताऱ्या तांडेलाच्या पंख्यात दोरी अडकली. तो थेट मावशींच्या दारात आला. त्या दिवशी धक्क्यावर निम्मी वस्ती जमली होती. लहानू मावशींची बरणी पाठीला लावून बोटीखाली गेला. मावशी काठावर उकिडव्या बसल्या, त्याच्या कमरेची दोरी हातात, नजर बुडबुड्यांवर.

चेअरमन आले. सोबत यार्डातली चार माणसं.

"वयनी, धक्का सोसायटीचा हाय. कोनाच्या परवानगीनं चाललंय ह्ये?"

मावशींनी मान वर केली नाही.

"वयनी, मी तुमच्याशी बोलतोय. बंद करा. मानसाला वर घ्या."

"भावजी," मावशी पाण्याकडे बघतच म्हणाल्या, "माजा मानूस खाली हाय. तो वर येईपरयंत मी कोनाशी बोलत नाय. तुमी पन बोलू नका. बसा."

चेअरमन बसले नाहीत, पण बोललेही नाहीत. त्यांची चार माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्यातला एक हळूच पुढे सरकला आणि बुडबुडे दिसतील असा उभा राहिला. दहा मिनिटं तशीच गेली. दोरीला दोन हिसके बसले. मावशींनी ती हळूहळू आवरायला घेतली. गुणगुण आली, डोकं आलं, मग कापलेल्या दोरीचा गुंता धरलेला हात. लहानू पायरीवर चढला. मावशींनी त्याच्या छातीला कान लावला, उजवा, चांगला. दोन श्वास ऐकले. बरणीची चावी बंद केली.

मग त्या उठल्या, गुडघे झाडले, ओला पदर कमरेला खोचला आणि वळल्या.

"हां, भावजी," त्या म्हणाल्या. "आता बोला."